उपास, उपासमार आणि अर्धशिशी : माझीच एक दुरुस्ती

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. चहाचाही यात संबंध आहे, पुढे येईलच.

मागच्या पावसाळ्यात मी याच पानावर एक मेसेज पुढे ढकलला होता. सोळा तास पोट रिकामं ठेवा, उरलेल्या आठ तासांत दोनदा जेवा, अर्धशिशी मुळापासून जाईल, असा काहीसा मजकूर. वर मी माझी एक ओळ जोडली होती : "करून बघायला काय हरकत आहे?" बऱ्याच जणांनी तो पुढे पाठवला. आपल्याकडे बातमीदाराने टाकलं म्हणजे ते पेपरात छापून आल्यासारखंच धरतात. इतकी वर्षं या धंद्यात काढून मला हे कळायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी रानशेत नाक्यावर एक ताई भेटल्या. जवळच्याच पाड्यावरच्या. हायवेने इको भरून गुजरात हद्दीतल्या एका कंपनीत कामाला जातात. त्यांना लेक झाल्यापासून अर्धशिशी आहे. माझी पोस्ट त्यांच्या भाच्याने त्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी लगेच पहाटेची भाकर बंद केली, चहाही बंद केला. रात्री आठला जेवायचं, मग थेट दुसऱ्या दिवशी एकच्या सुट्टीत डबा उघडायचा. म्हणजे सतरा तास झाले. दुसऱ्या आठवड्यात मशीनजवळच डोकं धरून खाली बसल्या, उलटी झाली. घरी पाठवलं, त्या दिवसाची हजेरी गेली. नंतर आणखी दोनदा तसंच झालं.

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणाल्या, "दादा, तुमचा उपास मला लागू नाही पडला. माझ्यातच काही कमी असंल."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कमी त्यांच्यात नव्हती. कमी माझ्या वाचनात होती. म्हणून दोन-तीन महिने जमेल तसं वाचलं, डॉक्टर मित्रांना विचारलं, जुनी पुस्तकं काढली. त्यातून जे हाती आलं ते मांडतो. ही माझ्या त्या पोस्टची दुरुस्ती समजा.

आधी दुखण्याचं नाव. मायग्रेन हा शब्द आपल्याकडे आता आला, दुखणं फार जुनं आहे. अर्धशिशी म्हणजे अर्ध्या शीर्षाचं दुखणं. ग्रीक वैद्यांनीही त्याला 'अर्धी कवटी' याच अर्थाचं नाव दिलं होतं आणि त्याच शब्दाची झीज होऊन मायग्रेन झालं. आपल्या आयुर्वेदात त्याला अर्धावभेदक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यात हा एक. अर्ध्या डोक्यात टोचल्यासारखं, फुटल्यासारखं दुखतं, आणि पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अचानक उठतं, असं तिथे वर्णन आहे. ज्यांना हे दुखणं आहे त्यांनी आपल्या घरातलं कॅलेंडर आठवून बघावं.

चरकसंहितेत याची कारणं दिली आहेत. कोरडं-रूक्ष खाणं, आधीचं पचलेलं नसताना त्यावर खाणं, पूर्वेचा वारा, दव, अतिश्रम, शरीराचे वेग दाबून धरणं. मूळ दोष वाताचा, कधी त्याला कफाची जोड. आता ज्यांना आयुर्वेदाची थोडी ओळख आहे त्यांना विचारा, उपाशी राहिल्याने काय वाढतं? ते सांगतील, वात. लंघन हे औषध आहे हे खरंच, पण ते कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही याचा विचार त्याच ग्रंथांत केलेला आहे. "आपल्या ऋषींनी सांगितलंय, उपाशी राहा" असं सरसकट म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हा अर्धा भाग गळालेला असतो.

आणि आपल्या आज्यांचा उपाय काय होता? सूर्य उगवायच्या आत गरम दूध आणि जिलेबी. अर्धशिशीवरचा हा घरगुती तोडगा महाराष्ट्रभर माहीत आहे. त्याने दुखणं बरं होतं असा माझा दावा नाही. पण गंमत बघा, जुना तोडगा पहाटे उठून खायला सांगतो आणि नवा मेसेज दुपारपर्यंत उपाशी राहायला सांगतो.

आता उपासाचा इतिहास. महाराष्ट्रात उपास म्हटलं की एकादशी, चातुर्मास, श्रावणी सोमवार, संकष्टी. वारकऱ्याची एकादशी पंधरा दिवसांतून एकदा येते. दुसऱ्या दिवशी पारणं असतं. आणि आजारी माणसाला, बाळंतिणीला, लेकराला त्यातून सूट देण्याची रीत घराघरात होती. उपासाला राजकीय बळ दिलं ते गांधीजींनी. १९३२ चं येरवडा, मग १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवस. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. उपास करणारा तो स्वतः निवडत होता आणि कशासाठी करतोय हे त्याला ठाऊक होतं.

आपल्या डहाणू-तलासरीचा इतिहास इथे वेगळा होतो.

वारली घरांत एकादशी मुळात नव्हती. आता नवरात्र, श्रावण पाळणारे खूप आहेत, पण जुनी रीत निराळी होती. पहिल्या पावसानंतर उगवणारी कोळीभाजी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही. नवा भात तयार झाला तरी पूजा झाल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. धान्याची देवता कणसरी, तिचा मान आधी. हाही संयमच, पण तो घड्याळावर चालत नव्हता, हंगामावर चालत होता. किती तास उपाशी राहायचं हा प्रश्न वारली माणसाला कोणी विचारलाच नाही. ते सावकार आणि पावसाळा ठरवत होता.

इंग्रजी अमलातले अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला. त्यात आपल्या भागातली वेठबिगारी आहे, खावटीही आहे. खावटी म्हणजे पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून उसनं घ्यायचं आणि भात झोडल्यावर वाढीव मापाने फेडायचं. फेडून झाल्यावर उरायचं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरायचं नाही, म्हणून पुन्हा खावटी. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघं सावकाराच्या घरी राबायची, त्यांना लग्नगडी म्हणायचे.

मधले महिने कसे निघायचे? नागलीची आंबील, रानभाज्या आणि कडूकंद. हा कंद तसाच खाल्ला तर बाधतो. कापून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडवटपणा काढावा लागतो, तेव्हा कुठे तो पोटात जातो. आमच्या ओळखीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, चव अजून जिभेवर आहे म्हणतील.

१९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरीला किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. मग गवत कापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. म्हणजे त्याहून कमी मिळत होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. ज्या माणसांनी हा लढा दिला त्यांची मुख्य मागणी जमीन आणि इज्जतीची होती, पण तिच्या मुळाशी दोन वेळचं जेवण होतं.

त्याला आता ऐंशी वर्षं झाली. मधल्या काळात १९९२-९३ ला जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी आलं. कुपोषणाने लेकरं गेली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. खावटी हा शब्दही गेला नाही. सरकारनेच पुढे त्याच नावाची कर्ज योजना काढली आणि कोरोनाच्या काळात कुटुंबामागे ४००० रुपयांचं खावटी अनुदान दिलं, निम्मं खात्यात आणि निम्मं धान्य-किराण्याच्या रूपात.

हे सगळं इथे का सांगतोय? कारण अशा मुलखात मी मोबाईलवरून सांगत होतो की सोळा तास उपाशी राहा.

आणखी एक उलटापालट बघा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर जी वरई पिकते ती तिथल्या आदिवासींच्या रोजच्या ताटातलं धान्य. शहरात तीच वरई उपासाची. एकाचं रोजचं जेवण ते दुसऱ्याचं व्रत. यात कोणाला नावं ठेवायचा हेतू नाही, उपासाला मीही वरईचा भात आवडीने खातो. पण उपास हा शब्द नाक्यावर एक अर्थ सांगतो आणि पाड्यावर दुसरा.

मग हे सोळा तासांचं आलं कुठून? महाराष्ट्रात दोनच वेळा जेवा हा विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी (१९५४-२००४) व्याख्यानांतून मांडला. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो पुढे घराघरात नेला. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण संपवायचं, मध्ये काही खायचं नाही. त्याच वेळी ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणत होत्या आणि २०१८ च्या आसपास प्रत्येक मराठी लग्नाच्या पंगतीत "तुम्ही दिवेकर की दीक्षित?" हा विनोद चालायचा. त्यात २०१६ चं नोबेल मिळालेले जपानचे ओसुमी यांचं नाव जोडलं गेलं. पेशी स्वतःचाच टाकाऊ भाग कसा खाते-वापरते यावर त्यांचं काम, तेही मुख्यतः यीस्टवर. मेसेजमध्ये त्याचं "उपासाला नोबेल" झालं.

इथे नीट लक्ष द्या. दीक्षितांचं अभियान वजन आणि मधुमेह प्रतिबंधासाठी आहे. त्यात अर्धशिशी कुठून आली? मेसेज पुढे जाताना वाटेत कोणीतरी जोडली. आधी वजन, मग साखर, मग गुडघे, मग अर्धशिशी. आणि माझ्यासारख्या बातमीदाराने न तपासता त्यावर शिक्का मारला.

अभ्यास काय सांगतात? १९६६ मध्ये ब्लाऊ आणि कमिंग्ज या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी अर्धशिशीच्या १२ रुग्णांना १९ तास उपाशी ठेवून पाहिलं. त्यातल्या सहांना झटका आला. १९९५ मध्ये इस्रायलमध्ये योम किप्पूर या ज्यू लोकांच्या कडक उपवासाच्या दिवशी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. उपास करणाऱ्यांत ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं, न करणाऱ्यांत ७ टक्क्यांचं. रमजानच्या पहिल्या दिवसाची अशीच पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिथे आकडे ४१ आणि ८ टक्के. २०१० चा एक अभ्यास तर थेट अर्धशिशीच्या ३२ रोजेदार रुग्णांवर आहे. एरवीच्या महिन्यात सरासरी ३.७ दिवस दुखणं, रमजानमध्ये ९.४ दिवस.

धर्म कोणताही असो, डोकं सारखंच दुखतं.

म्हणूनच डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपासाने होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे. किमान आठ तास पोटात काही नाही आणि मग दुखायला लागलं, खाल्ल्यावर गेलं, अशी ती ओळख. ज्यांना आधीच अर्धशिशी आहे त्यांना हा त्रास जास्त होतो. साखर खाली जाते म्हणूनच दुखतं, असं सरळ गणित नाही, कारण अनेकांची साखर त्या वेळी ठीक असते. डॉक्टर मित्राने मला सोपं करून सांगितलं : अर्धशिशीवाल्याच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी, जास्त झाली तरी, जेवणाची वेळ चुकली तरी, पाळीच्या दिवसांत संप्रेरकं बदलली तरी.

आणि तो चहा. रोज दोन-चार कप पिणाऱ्याने एकदम बंद केला की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं. कॅफिन सुटल्याची ही डोकेदुखी. त्या ताईंनी भाकरीबरोबर चहाही सोडला होता. म्हणजे मार दुहेरी बसला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही पोस्टसुद्धा त्या मेसेजसारखीच एकांगी होईल. लठ्ठपणा असेल तर अर्धशिशी वारंवार होण्याचा धोका वाढतो, आणि वजन उतरल्यावर काहींचा त्रास कमी होतो. उपासात शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं. त्याच धर्तीचा आहार १९२० च्या दशकापासून फेफऱ्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात, अर्धशिशीवरही त्याचे लहान लहान अभ्यास झाले आहेत आणि काही आशादायक आहेत. माझ्या ओळखीतल्या एका सरांना दोन वेळच्या जेवणाने खरंच बरं वाटतं. त्यांचं वजन उतरलं, डोकंही कमी दुखतं. ते दिवसभर खुर्चीत बसतात, दुपारी बाराला घरचं गरम जेवतात, पाणी हवं तेवढं पितात, झोप वेळेवर. त्यांचं खरं आहे आणि ताईंचंही खरं आहे. फरक पोटाच्या आधीचा आहे : कोणाच्या हातात जेवणाची वेळ आहे आणि कोणाच्या नाही.

मलाही पंचविशीपासून अर्धशिशी आहे. डिप्लोमाच्या वर्षी पहिल्यांदा डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचला तेव्हा वाटलं, डोळेच गेले. ताईंची भेट झाल्यावर मी वही घातली. दुखलं तो दिवस, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं जेवण किती वाजता, चहा किती, ऊन किती. मतमोजणीचा दिवस, कोर्टात ताटकळलेला दिवस, नाश्ता चुकवून मोटरसायकलवर मोखाड्याला गेलो तो दिवस, अशाच दिवसांवर खुणा जास्त पडल्या. माझी वही हा काही अभ्यास नव्हे. पण माझ्या डोक्यापुरता तो पुरावा आहे, आणि तो त्या मेसेजच्या विरुद्ध जातो.

तर काय करायचं? मी डॉक्टर नाही. जे डॉक्टर सांगतात तेच पुन्हा सांगतो.

अर्धशिशी असेल तर वही घाला. महिनाभर. मग ठरवा.

जेवणाच्या वेळा शक्यतो सारख्या ठेवा. पहाटे निघायचं असेल तर भाकरीचा तुकडा, दोन केळी, काहीही, पण पोटात जाऊ द्या. पाणी प्या.

उपास श्रद्धेने करत असाल तर करा, पण अर्धशिशीचं औषध म्हणून करू नका. चहा सोडायचा असेल तर हळूहळू सोडा.

मेडिकलमधून गोळी आणून उपाशीपोटी घेऊ नका. आणि महिन्यात दहा-पंधरा दिवस गोळी लागत असेल तर थांबा, जास्त गोळ्यांनीही डोकं दुखायला लागतं. तेव्हा डॉक्टरकडे जा.

आपल्या भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेल आहे. तो असलेल्यांनी निर्जळी उपास अजिबात करू नये, शरीरातलं पाणी कमी झालं की वेदनेचा झटका येऊ शकतो. मधुमेहाच्या गोळ्या-इन्शुलिनवाले, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया, यांनी विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत.

अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, हात-पाय किंवा जीभ जड झाली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर अर्धशिशी म्हणून घरी बसू नका. सरळ दवाखाना.

आता शेवटचं. ती जुनी पोस्ट मी काढून टाकणार होतो. मग विचार केला, काढली की माझी चूक दिसायची बंद होईल, पण ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्याकडे ती फिरतच राहील. म्हणून ती ठेवली आहे, वर ठळक लिहिलं आहे की हे चुकीचं आहे, आणि खाली ही पोस्ट जोडली आहे. ज्यांनी ती तेव्हा ग्रुपवर टाकली होती त्यांनी कृपा करून हीसुद्धा त्याच ग्रुपवर टाका. लांब आहे म्हणून कोणी वाचणार नाही असं वाटलं तर एवढंच सांगा : अर्धशिशीवाल्याने उपाशी राहू नये.

ताईंना परवा पुन्हा नाक्यावर गाठलं. सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमच्यात काही कमी नव्हती, असं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर दाखवली. म्हणाल्या, "मी तर कधीच सुरू केली परत. गाडीतच खाते. तुम्ही खाल्लंत का सकाळचं?"

मी खाल्लं नव्हतं. दहा वाजले होते.